खान्देशातून रामेश्वरमला काइटसर्फिंग: आधी वारा, मग तिकीट

खान्देशातल्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी रामेश्वरमला जाऊन आलेलं असतं. बावीस तीर्थांचं स्नान, मंदिरातला लांबच लांब खांबांचा प्रदक्षिणामार्ग, पांबनचा पूल हे सगळं ओळखीचं असतं. पण त्याच बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचं आखात आहे, आणि वर्षातले सहा-एक महिने दोन्हीकडे काइटसर्फिंगला हवा तसा सलग वारा असतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. पासपोर्ट लागत नाही, पाणी गरम असतं, उथळ जागा भरपूर आहेत. पहिल्यांदा शिकणाऱ्यासाठी देशात याहून सोयीची जागा आम्ही सुचवणार नाही.

खेळ थोडक्यात असा. कमरेला हार्नेस, हार्नेसच्या आकड्यात अडकवलेला बार (हातात धरायचा दांडा), बारपासून २० ते २४ मीटर लांबीच्या चार लाइन, आणि त्यांच्या टोकाला हवा भरलेली ७ ते १२ चौरस मीटरची काइट. पायाखाली दोन्ही टोकं सारखी असलेला ट्विन-टिप बोर्ड. काइट ओढते, बोर्डची कड पाणी कापते, माणूस पुढे सरकतो.

वाऱ्याचा हिशेब

सहल फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. लोक सुट्टी बघून तारीख ठरवतात, तिकीट काढतात आणि वाऱ्याचं तिथे जाऊन बघतात. क्रम उलटा हवा.

रामेश्वरमला वाऱ्याचे दोन मोसम आहेत. पहिला नैऋत्येचा, साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावर पवनचक्क्या ज्या महिन्यांत सर्वांत जोमाने फिरतात, तेच हे महिने; मोसमी वारा तोच. फरक एवढाच की आपल्याकडे तो पाऊस घेऊन येतो आणि तिकडे तो कोरडा असतो, कारण रामेश्वरम ज्यात येतं त्या रामनाथपुरम जिल्ह्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. जून ते ऑगस्टमध्ये १८ ते २५ नॉटचा वारा दिवसेंदिवस टिकतो. दुसरा मोसम ईशान्येचा, जानेवारी ते मार्चची सुरुवात. हा वारा मऊ, बहुधा १२ ते १८ नॉटचा, पण मधूनमधून एखाद-दोन दिवस पडणाराही.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. नवशिक्याला १२ ते १८ नॉट (ताशी २२ ते ३३ किलोमीटर) सर्वांत बरे. आकडा थोडासा वाढलेला दिसतो, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १५ चे २१ नॉट झाले की त्याच काइटची ओढ जवळपास दुप्पट होते. म्हणून पहिल्या सहलीसाठी आम्ही जानेवारी-फेब्रुवारी सुचवतो. कापूस वेचून झालेला असतो, त्यामुळे शेती असलेल्या घरालाही आठवडाभर मोकळं होणं जमतं. जूनमध्ये पेरणी टाकून कुणी येणार नाही आणि यावंही नाही. नोकरदारांना पावसाळ्यातच सुट्टी मिळत असेल तर जुलै-ऑगस्ट चालेल, मात्र सकाळच्या हलक्या वाऱ्यातले तास मागून घ्या.

ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर सोडून द्या. ते चक्रीवादळांचे महिने. १९६४ च्या डिसेंबरात अशाच एका वादळाने धनुष्कोडी गाव आणि पांबनहून तिकडे निघालेली प्रवासी गाडी, दोन्ही समुद्रात नेली. पडक्या चर्चच्या भिंती आजही तिथे उभ्या आहेत.

तारखा ठरवताना मंदिराचं पंचांगही बघा. तमिळ आडी महिन्यातली अमावास्या (जुलै-ऑगस्ट), थै महिन्यातली अमावास्या (जानेवारी-फेब्रुवारी) आणि महाशिवरात्र या दिवसांत लाखाने माणूस येतं. खोल्या मिळत नाहीत, रस्ते तुंबतात. त्यांच्या आगेमागे दोन दिवस सोडून बुकिंग करा.

आता अंदाज कसा वाचायचा. विंडी किंवा विंडगुरू हे वाऱ्याचा अंदाज देणारं अ‍ॅप उघडून रामेश्वरमवर बोट ठेवा. तीन ओळी बघायच्या: सरासरी वेग, झोताचा वेग आणि दिशा. सरासरी १६ आणि झोत १९ असेल तर दिवस चांगला. सरासरी १४ आणि झोत २४ असेल तर नवशिक्याने पाण्यात जाऊ नये, कारण काइट एका क्षणी ढिली आणि दुसऱ्या क्षणी बैलासारखी ओढणारी होते. दिशा अंशांत दिलेली असेल तर २२५ च्या आसपास नैऋत्य आणि ४५ च्या आसपास ईशान्य. दहा दिवसांपुढचा अंदाज फक्त कल म्हणून घ्या. भरवसा दोन-तीन दिवसांचा.

दिशा इतकी महत्त्वाची का? वारा किनाऱ्याकडे किंवा किनाऱ्याला तिरपा येत असेल तर चूक झाली तरी तुम्ही वाळूवर येऊन पडता. वारा जमिनीकडून समुद्राकडे जात असेल, म्हणजे ऑफशोर असेल, तर चूक झाली की तुम्ही आत जाता, आणि नैऋत्य वाऱ्यात आत म्हणजे श्रीलंकेच्या बाजूला. बेट लांबट आणि अरुंद असल्याने जो किनारा नैऋत्य वाऱ्याला चांगला, तो ईशान्येला वाईट. मोसम बदलला की शिकवण्याची जागाही बदलते. ‘मागच्या वेळी इथेच तर केलं होतं’ या एका वाक्यावर जागा निवडू नका.

दिवस किती

पाण्यावरचे दहा ते बारा तास धरा. दिवसाला दोन-तीन तासांवर शरीर साथ देत नाही, म्हणजे शिकायला पाच दिवस. त्यात वारा पडण्याचे दोन दिवस मिळवा. किनाऱ्यावर सात दिवस आणि प्रवास वेगळा, हा हिशेब. चार दिवसांच्या सहलीत लोक काइट उडवायला शिकतात आणि बोर्डवर उभं राहायच्या आदल्या दिवशी परततात; पैसे जातात आणि हाती काही लागत नाही.

निघण्याआधी सहा आठवडे

पोहणं. न थांबता २०० मीटर पोहता आलं पाहिजे आणि उताणं दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे. लाइफ जॅकेट असलं तरी हे हवंच, कारण तोंडात खारं पाणी गेल्यावर घाबरायचं की नाही हे पोहणाऱ्याच्या सवयीवर ठरतं. जळगाव, धुळे, भुसावळला तरणतलाव आहेत, तिथे जा. तापी-गिरणेच्या डोहात किंवा हतनूरच्या पाणीसाठ्यात एकट्याने सराव करू नका.

हातांच्या ताकदीपेक्षा पोट, पाठ आणि मांड्या महत्त्वाच्या. काइटची ओढ हार्नेसमधून कमरेवर येते, हातांवर नाही. रोज प्लँक, बैठका आणि भिंतीला टेकून बसणं पुरे. हृदयविकार, फिट येणं, नुकतीच झालेली खांद्याची किंवा पाठीची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांत हा खेळ नको. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का तेही बघून घ्या.

आणि सर्वांत फायद्याचं काम: दोन-तीन चौरस मीटरची, बार असलेली ट्रेनर काइट घेऊन रिकाम्या शेतात आठ-दहा तास सराव. हे तास घरी केले तर रामेश्वरमला दीड-दोन तासांची फी वाचते. शेत निवडताना वाऱ्याच्या पुढच्या अंगाला शंभर मीटर मोकळं हवं. झाड, विहीर, गुरं, रस्ता काही नको. विजेच्या तारांपासून निदान दोनशे मीटर दूर, आणि पवनचक्कीच्या आसपास तर मुळीच नाही. वारा ८ ते १२ नॉट.

खान्देशातल्या उन्हाळ्याचा एक खास धोका इथे सांगायला हवा. दुपारी जमीन तापते, हवा वर चढते आणि वावटळ उठते. लांबवर धुळीचा भोवरा दिसला की काइट लगेच खाली घ्या. वावटळीत सापडलेली काइट कुठल्याही क्षणी कुठल्याही दिशेला ओढते. म्हणून सराव सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर. मोठी, हवा भरायची काइट शेतात कधीच उडवू नका. पाण्यावर पडलं तर भिजतं, जमिनीवर पडलं तर मोडतं.

या सरावात एकच गोष्ट अंगी बाणवायची. पाठ वाऱ्याकडे करून उभं राहा. डोक्यावर १२, डाव्या हाताला जमिनीलगत ९, उजवीकडे ३ असं घड्याळ समोर धरा. काइट या कडेने, १० ते २ च्या वरच्या भागात असते तेव्हा शांत असते. समोर मधोमध, जमिनीपासून थोड्या उंचीवर आली की पूर्ण जोराने ओढते. बार न बघता, नजर काइटवर ठेवून ११ ते १ हलकं हलकं फिरवता आलं की पुरे.

शाळा निवडताना विचारायचे प्रश्न

फोनवर गोड बोलण्याला महत्त्व नाही, उत्तरं नेमकी हवीत. प्रशिक्षकाकडे आयकेओचं (काइटबोर्डिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) किंवा तशाच मान्य संस्थेचं चालू प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकामागे शिकणारे किती? (दोन चालतील, चार नको.) हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का? नसेल तर प्रशिक्षक पन्नास मीटरवरून ओरडतो आणि वाऱ्यात काहीच ऐकू येत नाही. बचावाची बोट तयार असते का? तुमच्या वजनाला किती मापाच्या काइट आहेत? आणि पैशांचं: वारा पडला तर उरलेल्या तासांचं काय? दर तासाचा आहे की दिवसाचा? साहित्य धरून की वेगळं? मोडतोड झाल्यास कोण भरणार? ही उत्तरं मेसेजवर लेखी घ्या, मग आगाऊ रक्कम पाठवा.

काइटच्या मापाचा ढोबळ हिशेब स्वतःला माहीत असावा. किलोमधल्या वजनाला २.२ ने गुणा, नॉटमधल्या वाऱ्याने भागा. ६० किलोच्या व्यक्तीला १६ नॉटमध्ये ८.२५ येतात, म्हणजे ८ किंवा ९ चौरस मीटरची काइट. ८० किलोला त्याच वाऱ्यात ११. वारा २० झाला की ६० किलोला ७ आणि ८० किलोला ९. शिकणाऱ्याने या आकड्याहून एक माप लहान घ्यावं. उलट बोर्ड मोठा हवा, १४० सेंटीमीटरच्या पुढचा. मोठा बोर्ड कमी ओढीतही वर येतो.

प्रवासविमा काढताना साहसी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीत संरक्षण मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत काइटसर्फिंग किंवा जलक्रीडा हा शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

पोहोचायचं कसं

ओखा–रामेश्वरम ही आठवड्यातून एकदा धावणारी गाडी खान्देशातून, भुसावळमार्गे जाते. तिचा दिवस जुळला तर सर्वांत सोपं. नाही जुळला तर नंदुरबार, जळगाव किंवा भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई, आणि पुढे चेन्नई एग्मोर किंवा तांबरमहून रात्रीच्या गाडीने रामेश्वरम. चेन्नईत गाडी बदलायला निदान पाच-सहा तास हाताशी ठेवा. विमानाने जायचं तर मुंबईहून मदुराई, आणि तिथून रस्त्याने साधारण १७० किलोमीटर.

पांबनच्या जुन्या पुलावरची रेल्वेवाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबली होती. नवा पूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला आणि गाड्या पुन्हा बेटावर जाऊ लागल्या. मात्र वाऱ्याने ठराविक वेग ओलांडला की पुलावरचा सिग्नल लाल होतो आणि गाडी अलीकडे थांबते. म्हणून पोहोचल्याच्या दिवशी पहिला तास लावू नका, आणि परतीच्या गाडीच्या दिवशीही नाही.

स्वतःचं साहित्य पहिल्या सहलीला नेऊ नका, विकतही घेऊ नका. शिकण्याआधी घेतलेली काइट हमखास चुकीच्या मापाची निघते. गटात कुणाकडे आधीच साहित्य असेल तर रेल्वेत थ्री-टियर एसी आणि स्लीपरला ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं, पण स्लीपरच्या डब्यात न्यायच्या पेटीची कमाल लांबी १०० सेंटीमीटर आहे, थ्री-टियर एसीत त्याहूनही कमी. १४० चा बोर्ड नियमाने ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावा लागतो.

पिशवीत काय

पूर्ण बाह्यांचे रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचे घट्ट सदरे, दोन (एक वाळतो तोवर दुसरा), घट्ट लेगिंग्ज किंवा त्यावर अर्धी पँट, पातळ तळव्याचे पाण्यातले बूट, चष्म्याला मागून बांधायची पट्टी, गळ्या-कानांवर ओढायचं कापड, पाण्याने न धुपणारं जाड सनस्क्रीन. आपल्याला पंचेचाळीस अंशांची सवय आहे म्हणून ऊन काय करणार, असं समजू नका. वारा अंगाला थंड लागतो, पाण्यावरून ऊन परत फेकलं जातं, आणि भाजल्याचं संध्याकाळी कळतं. ओआरएसची दहा पाकिटं ठेवा. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र, कडं खोलीवर ठेवायचं. लाइनमध्ये अंगठी अडकली तर बोट जातं.

पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वेटसूट लागत नाही. दशम्या, शेव, शेंगदाण्याची चटणी न्याच. पाण्यात उतरण्याआधी दीड तास हलकं खायला ती बरी, आणि इडलीला कंटाळलेल्या माणसाला चौथ्या दिवशी तिची किंमत कळते. गाव तीर्थाचं आहे. ओल्या तोकड्या कपड्यांत मंदिराच्या रस्त्यांनी फिरू नये, वरून लुंगी किंवा ओढणी घ्यावी. दुकानदार यात्रेकरूंमुळे मोडकंतोडकं हिंदी बोलतात. कोळीवाड्यात मात्र वाऱ्याला ‘कात्तु’ आणि पाण्याला ‘तण्णी’ एवढं म्हटलं तरी माणसं हसून पुढचं खुणेने सांगतात.

पाण्यावरचे दिवस

पहिले दोन-तीन तास वाळूवरच जातात: काइटच्या पुढच्या नळीत पंपाने ६ ते ८ पीएसआय हवा भरणं, लाइन पसरणं, जोडणं, सुरक्षा. हवा कमी भरली तर काइट मधून दुमडते. लाइन उलट जोडल्या तर काइट उडताच गिरक्या घेत जमिनीवर आपटते; नवशिक्यांच्या मोठ्या अपघातांचं हे नेहमीचं कारण. जोडल्यावर बारपासून काइटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक लाइन हाताने तपासा आणि दुसऱ्यालाही तपासायला लावा.

इथे पतंगाची भाषा कामाला येते. बार अंगाकडे ओढला की मागच्या लाइन ताणतात आणि काइट जास्त वारा धरते, ही खेच. बार पुढे सोडला की ती ढील. पण घाबरलेला माणूस हातात जे असेल ते घट्ट धरून छातीशी ओढतो, आणि तेव्हाच काइट त्याला उचलते. ही सहजप्रवृत्ती मोडणं हाच पहिल्या दोन दिवसांचा खरा अभ्यास. पायऱ्या तीन: बार सोडा, तरी ओढ थांबली नाही तर क्विक रिलीज (काइटची ओढ तोडणारा बारवरचा खटका) ढकला, काइट एका लाइनवर लोंबकळत निपचित पडते, तरीही ओढत नेत असेल तर लीशही (काइटला तुमच्याशी जोडणारी शेवटची दोरी) सोडवा आणि काइट जाऊ द्या. वाळूवर डोळे मिटून हे दहा वेळा करा. हात आपोआप जागेवर गेला पाहिजे.

पुढचे दोन-तीन तास बॉडी ड्रॅग, म्हणजे बोर्डशिवाय काइटच्या ओढीने पाण्यातून सरकणं. कंटाळवाणं वाटतं आणि अनेक जण ते लवकर उरकायला सांगतात. उरकू नका. बोर्ड सुटल्यावर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला राहिलेल्या बोर्डपर्यंत पोहोचायचा हा एकच मार्ग आहे.

मग वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यातून बोर्डवर उभं राहणं. पाण्यात बसून बोर्ड पायांत, काइट १२ वर. ती आधी जायच्या दिशेच्या उलट अकराकडे थोडी, आणि मग जोरात एक-दीडकडे उतरवायची. चुका ठरलेल्या: काइट हळू उतरवली तर माणूस उठतच नाही, पाय ताठ ठेवले तर तोंडावर पडतो, बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवला तर उठतो आणि लगेच बसतो. गुडघे पोटाशी, बोर्डचं टोक थोडं वारा जातो त्या दिशेला, उठल्यावर पुढचा पाय ताठ. कमरेएवढं पाणी उत्तम. घोट्याएवढ्या पाण्यात सराव नको, पडल्यावर वाचवायला पाणीच नसतं.

पहिल्या सहलीत दोन्ही बाजूंना पन्नास-शंभर मीटर जाता आलं तर सहल यशस्वी. निघालेल्या जागी परत येता येणं, म्हणजे वाऱ्याच्या वर चढणं, बहुतेकांना दुसऱ्या सहलीत जमतं. तोवर बोर्ड हातात घेऊन किनाऱ्याने चालत परतावं लागतं, बूट त्यासाठीच.

समुद्र कोणाचा आहे

मन्नारच्या आखातातली २१ बेटं १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथे परवानगीशिवाय उतरता येत नाही. प्रवाळ, समुद्रकाकडी, शंख उचलायचे नाहीत. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि पिशवीत सापडलं तर गुन्हा होतो. पांबन भागातून मासेमारी मोठी. दरवर्षी १५ एप्रिल ते १४ जून ट्रॉलरना बंदी असते, पण छोट्या होड्या आणि जाळी वर्षभर असतात. पाण्यात रोवलेल्या काठ्या किंवा तरंगणारे गोळे दिसले की तिथे जाळं आहे; शंभर मीटर लांब राहा. होडी किनाऱ्याला लागत असेल तर काइट खाली घ्या, वाट तिची.

समुद्रातली सरहद्द जवळ आहे आणि तटरक्षक दल लक्ष ठेवून असतं. आधार कार्ड जवळ ठेवा. धनुष्कोडीला संध्याकाळनंतर थांबू देत नाहीत, त्यामुळे तिथला शेवटचा तास चारच्या आत संपवा. फोनमध्ये तीन क्रमांक: समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४, रुग्णवाहिका १०८, इतर सगळ्यासाठी ११२. गंभीर दुखापतीला बेटाबाहेरचं मोठं रुग्णालय गाठावं लागतं, म्हणून खांदा निखळणं किंवा डोक्याला मार अशा वेळी स्थानिक रुग्णालयात प्रथमोपचार करून लगेच गाडी काढा.

निघायच्या आदल्या दिवशी शाळेकडून झालेले तास, कुठपर्यंत आलात ती पायरी आणि कोणत्या मापाची काइट किती वाऱ्यात वापरली, हे लिहून घ्या. आयकेओची शाळा असेल तर ते ऑनलाइन नोंदवतात. पुढच्या वेळी कुठेही गेलात तरी नवा प्रशिक्षक तिथूनच सुरू करेल, आणि पहिल्या दोन तासांची फी पुन्हा भरावी लागणार नाही.